उजव्या कपाखालची चिठ्ठी

१

पाकीट तळहातावर मावेल एवढंच होतं. वहीच्या शेवटच्या पानाला ते टाचणीने लावलेलं, आणि टाचणीला गंज चढलेला. वर रविवारच्या खेळातल्या सूत्रधाराच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, 'डावा कप. न उघडलेली.' खाली सही आणि एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका रविवारची तारीख.

तो रविवार ताई विसरणं शक्यच नव्हतं. त्या दुपारी तिच्या दोन भावांचं बोलणं बंद झालं, ते आजतागायत.

"उघड की," सूत्रधाराची बायको, वहिनी, म्हणाल्या. सूत्रधाराला जाऊन महिना झाला होता. कपाट आवरताना त्यांना ही पेटी सापडली आणि त्यांनी लगेच ताईला बोलावून घेतलं. पेटीत फासे होते, टोकं झिजलेल्या पेन्सिली होत्या, मातीच्या बोटभर बाहुल्या होत्या आणि ताईच्याच अक्षरातली जाडजूड वही होती. "आता कोणाची परवानगी काढणार आहेस? परवानगी देणारा गेला."

"नियम होता हो वहिनी. मंत्र चालू असेपर्यंत चिठ्ठी उघडायची नाही."

"मंत्र!" वहिनी हसल्या आणि मग डोळे पुसू लागल्या. "चार शहाणी माणसं, आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून मंत्र टाकायची. आता कोणी टाकत नाही तर घर खायला उठतं बघ."

ताईने टाचणी काढली. आत चौकटीच्या कागदाचा तुकडा होता, चौपदरी घडीचा. धाकट्या भावाचं, बारक्याचं अक्षर तिने अंधारातही ओळखलं असतं. कागदावर एकच शब्द होता. धुकं.

 एकोणीस वर्षांपूर्वी बारक्या घसा फोडून हेच सांगत होता, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता.

२

आता हा खेळ काय होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल.

एक जण गोष्ट सांगायचा, तो सूत्रधार. बाकीचे चौघे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. ताईचा थोरला भाऊ दादा हा सरदार, ताई वैद्यीण, धाकटा बारक्या जादूगार, आणि त्यांचा मित्र दातवाला हा चोर. तेव्हा तो दातांचं शिकत होता म्हणून दातवाला, आणि आता डोक्यावरचे केस गेले तरी नाव तेच. कोणी काय करायचं ते ज्याचं त्याने सांगायचं आणि जमलं की नाही ते फाशांनी ठरवायचं. आठ वर्षं दर रविवारी दुपारी हे चाललं. लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या, तरी रविवार कोणी चुकवला नाही.

भांडणं व्हायची ती मंत्रांवरून. मंत्र म्हटला की तीन गोष्टी आल्या: कोणता, कोणावर आणि कुठवर टिकणार. त्यातलं 'कोणावर' हे कळीचं. एखादा मंत्र टाकायचा आणि पुढे डाव बिघडला की म्हणायचा, "छे, मी तुझ्यावर टाकलाच नव्हता, पलीकडच्या राक्षसावर टाकला होता!" सूत्रधार या लबाडीला विटला. मग त्याने रीत घातली. मंत्राचं नाव तोंडाने सांगायचं, पण ज्याच्यावर टाकला त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून उलट्या कपाखाली ठेवायचं. पहिल्या मंत्राची चिठ्ठी डाव्या कपाखाली, दुसऱ्याची उजव्या. वेळ आली की सूत्रधाराने कप उचलायचा, तोवर कोणी हात लावायचा नाही. कपाखालून जे निघेल ते खरं, मग रडा नाहीतर हसा.

आणि एक मंत्र होता तोड. दुसऱ्याचा चालू असलेला मंत्र मोडायला तो वापरायचा. त्याला एकच लक्ष्य. धुक्यावर टाकली तर धुकं विरायचं. माणसावर टाकली तर त्याच्या अंगावर जे जे मंत्र चालू असतील ते एकेक करून फाशांवर तपासायचे. मात्र जे होऊन गेलं त्याला तोड नव्हती. मंत्राच्या आगीत घर जळलं असेल तर आग विझायची, घर काही उभं राहायचं नाही.

त्या शेवटच्या रविवारी दरीवर चेटकिणीने धुकं पसरलं होतं. ताईच्या वैद्यिणीने सरदारावर उडण्याचा मंत्र टाकला, तो सगळ्यांसमोर उघड टाकला म्हणून त्याला चिठ्ठी लागली नाही, आणि सरदार दरीवरून निघाला. बारक्याने आधी कवच टाकलं होतं, चिठ्ठी डाव्या कपाखाली. मग त्याने तोड टाकली, चिठ्ठी उजव्या कपाखाली. सगळ्यांना वाटलं, धुक्यावर टाकली असणार. उजवा कप उचलला. चिठ्ठीवर बारक्याच्या अक्षरात होतं, 'दादा'.

सूत्रधाराने फासे टाकले. उडण्याचा मंत्र मोडला आणि आठ वर्षं खेळलेला सरदार दरीत गेला.

"ही कवचाची चिठ्ठी आहे!" बारक्या ओरडला. "तोडीच्या चिठ्ठीवर मी धुकं लिहिलंय! दुसरा कप उघडा!"

"चालू मंत्राची चिठ्ठी उघडायची नाही," सूत्रधार म्हणाला. नियमापुढे त्याने सख्ख्या बापाचंही ऐकलं नसतं.

दादा उठून उभा राहिला होता. त्याच महिन्यात वडिलांनी चष्म्यांचं दुकान दादाच्या हाती दिलं होतं, बारक्याला न विचारता. बारक्या त्यावर चकार शब्द बोलला नव्हता आणि दादाला तेच आतून खात होतं. "मनातलं कागदावर आलं तुझ्या," दादा म्हणाला. "दुकान हवं होतं तर तोंडाने मागायचं होतंस."

बारक्याचा चेहरा पांढरा पडला. सूत्रधार वरमला, नियम मोडून डाव्या कपाला हात घालायला निघाला, तर बारक्यानेच त्याचा हात धरला. "राहू दे. भावाच्या शब्दावर विश्वास नसेल तर चिठ्ठी उघडून काय करायचंय?"

त्यानंतर दोघांनी एकमेकांच्या घराची पायरी चढली नाही. आणि परवा सकाळी बारक्या बायको-मुलीला घेऊन समुद्रापलीकडे कायमचा राहायला जाणार होता. ताईच्या हातात उणेपुरे दोन दिवस होते.

ताईची नोकरी लिफ्ट तपासण्याची. लिफ्ट अडकली की ती पहिला प्रश्न विचारायची, शेवटचा हात कोणाचा लागला? त्या कपांना शेवटचा हात कोणाचा लागला होता?

३

"आ कर," दातवाला म्हणाला.

"मी दात दाखवायला आले नाहीये," ताई म्हणाली.

"माझ्या खुर्चीत बसलेला प्रत्येक जण हेच म्हणतो. आ कर."

वेळ घेतल्याशिवाय तो भेटत नसे, म्हणून तिने वेळ घेतली होती आणि आता भोगत होती. त्याने तिच्या तोंडात आरसा घातला आणि तिने घाईघाईने सांगितलेलं सगळं तो मनात घोळवत बसला.

"मला एक सांग, ती चिठ्ठी बारक्याने नंतर घुसडली नसेल कशावरून?"

"आँ आँ," ताईने मान हलवली.

"पेटी वहिनींकडे होती, सही सूत्रधाराची, हो ना? बरं, मान्य. मग तुझा संशय माझ्यावर. मी चोर होतो, माझे हात चलाख, आणि दादाचा सरदार मला नेहमी पुढे ढकलायचा मरायला. आहे संशय घेण्यासारखं." त्याने आरसा काढला. "मागची दाढ किडलीये तुझी. वेळेवर आली असतीस तर वाचली असती."

"तू बदलल्यास?"

"अगं, मी चिठ्ठ्या बदलल्या असत्या तर आठवडाभर बढाई मारत हिंडलो असतो! मला गप्प बसवतं का?" तो हसला आणि मग गंभीर झाला. "कपांना मी हात लावला नाही. सूत्रधार पाहुणीशी बोलत पुढच्या खोलीत होता. बारक्या बिस्किटं आणायला खाली गेला होता. मी आणि दादा गॅलरीत उभे होतो."

"कधी? कुठली पाहुणी?"

"चहाच्या वेळी. दोन्ही चिठ्ठ्या ठेवून झाल्या होत्या, उजवा कप उचलायचा तेवढा बाकी होता, तेवढ्यात वहिनींची बहीण आली. मग काय, चहा! सरदार दरीवर लटकलेला आणि आम्ही चहा पितोय. काय दिवस होते गं." त्याने हातमोजे काढले आणि खिडकीबाहेर बघत राहिला. "रविवारी मी अजून दवाखाना बंद ठेवतो. बायको म्हणते, घरी तरी काय करतोस? खरंच काही करत नाही."

ताई दाराशी पोचली तेव्हा त्याने हाक मारली.

"एक गंमत आठवली. त्या दिवशी माझ्या चहाच्या कपाच्या कडेला पेन्सिलीची पूड लागली होती. मी वहिनींना चिडवलं, कप टेबलावर घासून आणता का म्हणून."

४

दादा एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत होता. ताई बाकावर बसून राहिली. गिऱ्हाईक गेल्यावर तिने काचेच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली.

दादाने ती वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग भिंगांच्या पेटीखालचा खण ओढून त्याने दुसरा तुकडा काढला. 'दादा' लिहिलेला.

"तू जपून ठेवलीस?" ताई थक्क झाली.

"फेकायची राहिली."

"एकोणीस वर्षं?"

"कामं असतात माणसाला," दादा गुरगुरला.

दोन्ही तुकडे त्याने जवळ सरकवले. बारक्या कधी पट्टी लावून कागद फाडायचा नाही. वेड्यावाकड्या कडा एकमेकींत चपखल बसल्या आणि चौकटीच्या रेघा जुळल्या. एकाच कागदाच्या, एकाच दुपारच्या चिठ्ठ्या.

"बसल्या," दादा म्हणाला. "म्हणून काय झालं? डाव्या कपात धुकं होतं. म्हणजे कवच त्याने धुक्यावर टाकलं आणि तोड माझ्यावर."

"कवच कशावर पडतं रे दादा?"

"जिवंत अंगावर. आणि टाकणाऱ्याला ते दिसत असलं पाहिजे."

"धुक्याला अंग आहे?"

दादाने भिंगांची पेटी उगाच सरळ केली.

"आपल्यात नियम कोणाला तोंडपाठ होते? सूत्रधाराच्या चुका कोण काढायचा? नवशिक्यासुद्धा धुक्याला कवच घालणार नाही, दादा. तिथे बारक्या घालेल? आणि चिठ्ठी ठेवताना त्याचाच गोंधळ झाला म्हणशील, तर पहिली ठेवली तेव्हा एकच कप उलटा होता. चुकायला दुसरा कप तर हवा! चिठ्ठ्या नंतर बदलल्या, चहाच्या वेळी."

दादाने 'दादा' लिहिलेला तुकडा उचलला आणि डोळ्यांजवळ धरला. रस्त्यावरून कोणी दुकानात डोकावून गेलं, त्याला कळलं नाही.

"म्हणजे ही कवचाची," तो हळूच म्हणाला. "त्याने कवच माझ्यावर टाकलं होतं."

"हो."

"आणि मी त्याला काय काय बोललो."  मग तो एकदम तडकला. "कोणी केलं हे? कोणी बदलल्या चिठ्ठ्या?"

"अजून माहीत नाही."

"मग माहीत करून घे! उद्या त्याच्या दारात जाऊन मी काय सांगू? की चुकलं बुवा, कसं ते ठाऊक नाही? नाव आण मला. नाव मिळालं तर येतो, नाहीतर माझा पाय उचलणार नाही."

५

वहिनींकडे ती परत गेली तेव्हा दुपार टळत होती. वही अजून टेबलावरच होती. ताईने त्या रविवारचं पान काढलं.

आपल्या नोंदींचा तिला भारी अभिमान होता. ती खेळातली चिटणीस. कोणी शिंकलं तरी लिहायची. पानावर तेव्हाचं तिचं तरतरीत अक्षर होतं:

'कवच, बारक्या, चिठ्ठी डावा कप. उडणे, मी, सरदारावर. तोड, बारक्या, चिठ्ठी उजवा कप. चहा. पाहुणी आली, कप कमी पडले. दातवाला आणि दादा गॅलरीत. बारक्या खाली गेला. सूत्रधार पुढच्या खोलीत. खेळ पुन्हा सुरू. उजवा कप: दादा.'

"वहिनी, तेव्हा तुमच्याकडे कप किती होते?"

"सहा. कोणी येईनासं झालं, सुनेसुने वाटायला लागले म्हणून मागच्या वर्षी टाकले."

"सहा. आम्ही पाच जण, तुम्ही आणि तुमची बहीण, म्हणजे सात. त्यात दोन कप चिठ्ठ्यांवर उलटे. मग चहा पुरवला कसा?"

"मी तीन पेल्यांत घेत होते, तर तू म्हणालीस—" वहिनी थांबल्या.

"काय म्हणाले मी?"

"काही नाही गं. इतकी वर्षं झाली. कोण लक्षात ठेवतं?"

"वहिनी."

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू म्हणालीस, पाहुणीला पेल्यात चहा द्यायचा म्हणजे कसंतरीच, थांबा, मी दोन कप आणते. आणलेस. मी घाईत आतूनच विसळले, माझा चहा पेल्यात घेतला. चहा झाल्यावर तूच धुऊन परत नेलेस."

ताईने पान पुन्हा वाचलं. दातवाला कुठे, दादा कुठे, बारक्या कुठे, सूत्रधार कुठे, सगळं होतं. चिटणीस कुठे होती ते मात्र लिहिलेलं नव्हतं. लिफ्ट तपासताना ती शंभर वेळा हे बघत आली होती. लोक दुसऱ्याचा हात सांगतात, आपला स्वतःचा हात कोणाला आठवत नाही.

ती उठली आणि टेबलापाशी बारक्याच्या जागी उभी राहिली. हा डावा, हा उजवा. मग स्वयंपाकघराच्या दारातून, नेमकी समोरून चालत आली. त्या बाजूने बारक्याचा उजवा कप तिच्या डाव्या हाताशी येत होता. चिठ्ठ्या वाऱ्याने उडतील म्हणून तिने त्या बाजूला दोन बश्यांखाली सरकवल्या होत्या, हे आता तिला लख्ख आठवलं. कप उचलताना ती बारक्याच्या खुर्चीपाशी होती, आणि परत मांडताना टेबलाच्या याच बाजूला, म्हणून त्याची डावी चिठ्ठी तिने आपल्या डाव्या हाताला ठेवली होती.

"मीच," ती म्हणाली. "अहो वहिनी, मीच!"

६

वहिनींनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "यांचं नाव सांग."

"काय?"

"सांग, चिठ्ठ्या सूत्रधाराने बदलल्या. चुकून. ते आता कोणावर रागावणार नाहीत, आणि त्यांच्यावर रागावून कोणाला काही मिळणार नाही. दोघे भाऊ बोलायला लागतील, तुझ्यावरही बालंट यायचं नाही. त्यांनाही चाललं असतं गं."

ताईला मोह झाला, नाही कशाला म्हणा. दादाचा राग तिला ठाऊक होता. बारक्या तर जाणारच होता, आणि जाताना बहिणीचं तोंडही बघायचं नाही म्हणाला तर? दोन भावांत एवढी वर्षं तीच तेवढी दुवा होती. याचा निरोप त्याला, त्याच्या मुलीचा वाढदिवस याला. हे सगळं करता करता तिला आपलं कौतुकही वाटायचं, ते आठवून ती शरमेने अर्धी झाली.

पण आठ वर्षांत ज्या माणसाने एक फासा कधी खोटा वाचला नाही, त्याच्या नावावर हे खपवायचं? तेही त्याच्याच टेबलावर बसून?

"नाही हो वहिनी," ती म्हणाली आणि तिने दादाला फोन लावला. "नाव मिळालं. उद्या सकाळी बारक्याच्या दारात ये. तिथेच सांगते."

दुसऱ्या दिवशी बारक्याने दार उघडलं तेव्हा मागे सगळ्या घरभर खोकी रचलेली होती. त्याने ताईकडे पाहिलं, तिच्या मागे जिन्यात उभ्या दादाकडे पाहिलं, आणि दाराच्या कडीवरचा हात काढायचं विसरून गेला.

"आत येऊ का, असं मी विचारणार नाही," ताई म्हणाली. "आधी ऐका. मग कोणाला आत घ्यायचं ते ठरव." आणि उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. पाहुणी, कप, बश्या, टेबलाची उलटी बाजू. दोन्ही चिठ्ठ्या तिने त्याच्या हातात दिल्या. "मी बदलल्या. मुद्दाम नाही, पण मीच. आणि नियम होता की कपाला कोणी हात लावायचा नाही."

 दादा तिच्याकडे असा बघत होता की तिने नजर खाली घातली.

बारक्या कधीचा चिठ्ठ्याच बघत होता.

"कप उचललेस त्याचं काही नाही, ताई," तो शेवटी म्हणाला. "पाहुणी आली, कप उचलले. मीही उचलले असते. पण मी सांगत होतो ना? घसा सुकेपर्यंत सांगत होतो. दादा रागात होता, त्याचं एक वेळ समजू शकतो. तू मला जिन्यात गाठून काय म्हणालीस, आठवतं? 'चूक झाली म्हण आणि मिटव.' तुलाही मी खोटारडाच वाटलो. ते मला फार लागलं."

"आठवतं," ताई म्हणाली. तिला रडू आवरेना. "चुकले रे. फार चुकले. मला काय हवं ते बोल."

"आता काय बोलू? उद्या तर निघायचं." त्याने बाहीने डोळे पुसले, चष्मा वर सरकवून, आणि तो पुन्हा नाकावर घसरला.

तेवढ्यात दादा पुढे झाला.  माफ कर म्हणेल, पाया पडेल, काय करेल याचा नेम नव्हता. त्याने हात पुढे केला, बारक्याच्या नाकावरून चष्मा अलगद काढला, उजेडाकडे धरला आणि त्याची भुवई वर चढली.

"हा कोणत्या गाढवाने करून दिलाय?"

बारक्या बिनचष्म्याचा डोळे मिचकावत उभा राहिला. "कोपऱ्यावरच्या दुकानात. का?"

"डाव्या डोळ्याची काच तिरकी बसवलीये. डोकं दुखत असेल रोज."

"दुखतं."

"किती दिवस?"

"बरीच वर्षं झाली," बारक्या म्हणाला. "तुझ्याकडे कसा येणार होतो?"

दादाने चष्म्याची घडी घातली आणि तो आपल्या खिशात ठेवला. मग धाकट्याच्या दंडाला धरलं, घट्ट, गर्दीत लहान पोर हरवू नये म्हणून धरावं तसं.

"चल दुकानात. आत्ता तपासतो. संध्याकाळपर्यंत नवा करून देतो."

"अरे, खोकी बांधायचीत अजून."

"ही बांधेल," दादा म्हणाला, ताईकडे न बघता. "तिला शिक्षाच आहे ती."

दोघे जिना उतरू लागले. बारक्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून दादा एकेक पायरी मोजून सांगत होता. ताईने पदर खोचला, दोरीचा गुंडा उचलला आणि पहिलं खोकं पुढे ओढलं.